तमसापट्टणचा भोगवटा

अनिकेत या शब्दाचा अर्थ ज्याला घर नाही तो. आमच्या अनिकेतकडे मात्र अख्खं शहर आहे. आठशे वर्षांपूर्वी ते ओस पडलं, वेशीच्या कमानीत पिंपळ फुटले, राजवाड्याचं छत खाली आलं, आणि हे सगळं व्हायला अनिकेतची सहा वर्षं गेली. रात्री जेवणं झाली, ओटा पुसून झाला की डायनिंग टेबलावर बटर पेपर पसरून तो ते थोडं थोडं पाडायचा.

पण त्याआधी त्याने ते धडधाकट बांधलं होतं. "उभी भिंत कुठे होती हे माहीत नसेल, तर ढिगारा कुठे पडला हे कसं सांगणार?" असा त्याचा बिनतोड सवाल असतो. त्यामुळे तमसापट्टणचे कागद तीन. पहिल्यावर शहर वसवलं तेव्हाचं, दुसऱ्यावर भरभराटीचं, तिसऱ्यावर आजचं पडकं. तिन्ही एकावर एक ठेवून ट्यूबलाइटपुढे धरले की कुठलं घर कधी वाढलं आणि कुठल्या बाजूला कोसळलं ते दिसतं. दुसऱ्या कागदावर एका सावकाराने रस्त्यात सहा फूट ओटा पुढे घेतला आहे. तिसऱ्यावर त्या जागी नुसते दगड आहेत. मी त्यावर बोट ठेवलं तर म्हणाला, "अनधिकृत होतं ते. आपोआप पडलं. नोटीस काढायची वेळच आली नाही." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्याच्या मुलीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

त्याचं कारण त्याच्या नोकरीत आहे. दिवसा तो एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो आणि ते मंजूर करून आणायला खेटे घालतो. साइड मार्जिन, पार्किंग, जोते तपासणी, भोगवटा पत्र. त्याने काढलेलं कुठलंच घर त्याच्या मनासारखं उभं राहिलेलं नाही; मालकाची मेहुणी येते आणि जिना हलतो. तमसापट्टणात मेहुणी नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका खेळासाठी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांची ती करामत, नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पहिल्या छपाईचे खोके एक हजार होते. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. "मी दार ढकलतो," म्हणायचं आणि फासा टाकायचा. डंजन म्हणजे ज्यात शिरायचं ते भुयार, आणि जग सांगणाऱ्याला डंजन मास्टर म्हणतात. काकूंनी, म्हणजे अनिकेतच्या आईने, पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मी "निम्मं कीर्तन, निम्मा सारीपाट" असं सांगितलं. त्यांनी बुवांकडे, म्हणजे मुलाकडे, एकदा पाहिलं आणि पोहे टाकायला आत गेल्या.

डंजन मास्टरांची एक जातच असते आणि ती प्रवासात ओळखू येते. बाकीचे लोक किल्ल्यावर फोटो काढतात. हे सांडपाणी कुठून जात असेल ते शोधतात. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला अनिकेत बायकोला, मुग्धाला, घेऊन हंपीला गेला. तिथे राजवाड्याच्या आवारात पायऱ्यापायऱ्यांची एक पुष्करणी उत्खननात निघाली आहे. तिच्या काळ्या दगडांवर कुठला दगड कुठल्या बाजूला, कुठल्या थरात बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. या खुणा बघून अनिकेतला गहिवरून आलं. तो तिथे दीड तास होता. मग दगडी पन्हळीवरून पाणी कसं आणलं होतं याची मोजणी सुरू झाली. एका माणसाला वाटलं की सरकारी मोजणीदार आले. त्याने चहा पाजला. मुग्धा आजही सांगते, "हंपीला मी नवऱ्याबरोबर नव्हते, टेपच्या दुसऱ्या टोकाला होते."

दौलताबादेवर मात्र त्याचा खरा जीव. जगातलं सर्वांत उत्तम डंजन यादवांच्या देवगिरीवर आहे आणि ते पाहायला तिकीट काढलं की पुरतं, असं तो सांगतो. खंदक ओलांडला की ती अंधारी. खडकात खोदलेली, वळणं घेत चढत जाणारी, वटवाघळांच्या वासाने भरलेली. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडायची सोय. "बघ," तो म्हणतो, "इथे एकही राक्षस ठेवलेला नाही. नुसता अंधार, पायरी आणि धूर. हे डिझाइन." महंमद तुघलकाविषयी त्याचं मत वेगळंच आहे. इतिहासवाले त्याला लहरी म्हणतात. अनिकेतच्या मते तो वाईट डंजन मास्टर होता. १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथे हलवली ती खेळाडूंना न विचारता. या खेळात याला रेल्वे करणं म्हणतात: मास्टरने रूळ टाकायचे आणि बाकीच्यांनी मुकाट डब्यात बसायचं. अनिकेतला रेल्वेचा भयंकर तिटकारा. त्याचं शहर मोकळं आहे. कुठूनही शिरा, कुठेही जा.

ओसाड नगराच्या या शास्त्राला परंपरा आहे आणि ती तो चहा गार होईपर्यंत सांगतो. जेनेल जॅक्वेज यांच्या १९७९ सालच्या 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया'पासून तो हे शिकला की आत शिरायची वाट कधी एक ठेवू नये आणि जिने असे ठेवावेत की माणूस फिरून फिरून नव्याच ठिकाणी निघेल. डेव्हिड कुक यांनी १९८१ मध्ये जंगलात, कड्यांच्या घेऱ्यात एक निषिद्ध शहर वसवलं, त्यात युआन-टी नावाची सापमाणसं पहिल्यांदा आणली. आणि या सगळ्यांच्या आधी रॉबर्ट हॉवर्ड यांची १९३६ ची 'रेड नेल्स' ही गोष्ट. तीत अख्खं शहर एकाच छपराखाली, आत दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि शत्रूचा माणूस मारला की एका खांबात एक लाल खिळा ठोकायची पद्धत. "आमच्या सोसायटीत खिळे नाहीत," अनिकेत म्हणतो, "इतिवृत्ताची वही आहे."

हे तो गमतीने म्हणत नाही. ओस शहर म्हणजे रिकामं शहर नव्हे, त्यात गट हवेत, हा त्याचा सिद्धान्त. आणि तमसापट्टणातले गट त्याने आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवरून जसेच्या तसे उचलले आहेत. खालच्या पेठेत सरडेमाणसं राहतात, त्यांना कुठेच जायचं नाही. माळावर खजिना शोधणाऱ्यांचा तळ आहे, त्यांना सगळं पाडायची घाई आहे. आणि तटावर मेलेले शिपाई आहेत. त्यांना पहारा संपल्याचा हुकूम आला नाही, म्हणून मेल्यावरही उभे आहेत. मूळ रहिवासी आम्हीच, हा त्यांचा दावा, आणि शहराला हात लावायचा असेल तर आधी कॉर्पस फंड द्या ही मागणी. त्यांचा म्होरक्या बोलताना घसा खाकरतो. सोसायटीचे चेअरमन एकदा खेळ बघायला पाच मिनिटं टेबलाशी टेकले होते. म्होरक्याचं बोलणं ऐकून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे त्याचा."

पाणी हा त्याचा दुसरा ध्यास. शहर का ओस पडलं, हे या साहसाचं मुख्य रहस्य. भोवतालच्या गावांत शापाची गोष्ट सांगतात. खरं कारण असं की डोंगरातल्या तलावाचा बांध फुटला, पाट कोरडा पडला आणि लोक हळूहळू निघून गेले. हे खेळाडूंना कळावं पण लवकर कळू नये. डंजन मास्टरांत एक नियम मानतात: एका निष्कर्षासाठी तीन तरी पुरावे पेरावेत, कारण खेळणारे एक पाहत नाहीत, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, तिसरा कसाबसा सापडतो. अनिकेतने तीन पेरले. कोरडी पुष्करणी, देवळातला अर्धवट लेख, आणि राजवाड्याच्या तळघरात पाणीपट्टीची वही. त्या वहीत शेवटच्या अकरा वर्षांची थकबाकी घरवार लिहिलेली आहे. मी ती पाहिली आहे. बेरीज बरोबर आहे.

आता आम्ही. चंदू सी.ए. आहे. या खेळात हळूच कुलूप उघडणाऱ्या, अंधारातून सरकणाऱ्या पात्राला रोग म्हणतात. पात्रं वाटली त्या दिवशी चंदूने घरी फोनवर सांगितलं, "मला रोग मिळालाय," आणि रात्री त्याचे सासू-सासरे शहाळी घेऊन भेटायला आले. मंजिरी दातांची डॉक्टर. खेळात ती क्लेरिक, जखमा बऱ्या करणारी. कुठलाही राक्षस पडला की ती आधी त्याचं तोंड उघडून बघते. अनिकेतचा मावसभाऊ सोहम इंजिनिअरिंगला आहे आणि विझार्ड आहे; समोर काहीही आलं की त्याला आग लावतो. मी बँकेत असतो. खेळात मी परशू घेतलेला ड्वॉर्फ आहे, आणि परशू का, हे काउंटरवर बसलेल्या माणसाला विचारू नये.

दर रविवारी दुपारी टेबल मांडलं जातं. अनिकेतच्या आणि आमच्यामध्ये आडोसा म्हणून गेल्या वर्षीचं कालनिर्णय उभं. त्याच्या बाजूला गुप्त आकडे चिकटवलेले, आमच्या बाजूला संकष्टी आणि दुधाचा हिशोब. फासे त्याच्या वडिलांच्या पितळी पानाच्या डब्यात. चार बाजूंचे सुपारीच्या खणात, आठ आणि दहा बाजूंचे लवंग-वेलदोड्याच्या खणांत, बारा बाजूंचा काताच्या, आणि वीस बाजूंचा, मानाचा, चुन्याच्या डबीत. डबा उघडला की अजून काताचा वास येतो. सोहमच्या लाल फाशाला त्या वासाचं वावडं आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो एकच टाकतो.

पहिल्या रविवारी अनिकेतने आवाज खाली आणून शहराचं नाव उच्चारलं. या नावावर त्याचे सहा महिने गेले होते. तमसा म्हणजे अंधारातली, पट्टण म्हणजे शहर. दहा मिनिटांत चंदूने त्याचं तमाशापट्टण केलं. तेव्हापासून आम्ही सगळे तेच म्हणतो. परवा अनिकेतही म्हणाला आणि स्वतःच दचकला.

मग भटकंतीचा तक्ता आला. रानातून जाताना वाटेत काय भेटेल ते दोन फाशांवर ठरतं. दोन साध्या फाशांवर सात येण्याची शक्यता छत्तीसात सहा, दोन येण्याची छत्तीसात एक. त्यामुळे शहाणा मास्टर सातापुढे साधी गोष्ट लिहितो आणि दोनापुढे ती, जी होऊ नये. अनिकेतच्या तक्त्यात सातापुढे 'माकडं' होतं. काकू चटणी ठेवायला आल्या होत्या. "काकू, तुमच्या हाताने शुभारंभ करा," मंजिरी म्हणाली. काकूंनी पदराला हात पुसला, फासे घोळवले आणि टाकले. एक आणि एक.

"दोन आले रे. चांगलं की वाईट?"

दोनापुढे 'ड्रॅगन' होतं. आम्ही सगळे पहिल्या पायरीवरचे. माझ्याकडे अकरा हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, सोहमकडे सात. ड्रॅगनने नुसती शिंक दिली असती तरी मोहीम आटोपली असती. फासे उघड्यावर पडलेले, कालनिर्णयाचा उपयोग नाही. अनिकेतचा आवंढा आम्हाला ऐकू आला.

"ड्रॅगन," तो म्हणाला. "आहे. पण... वरून उडत चाललाय. दक्षिणेला."

"दक्षिणेला काय आहे?" चंदूने विचारलं. सी.ए. माणूस; व्यवहाराला कारण लागतं.

"त्याला... तहान लागलीय."

"म्हणजे इथे पाणी नाही," चंदू सहज म्हणाला. "म्हणजे गाव सुद्धा पाण्यावाचूनच उठलं असणार. शाप-बिप काही नाही. पुढे?"

सहा वर्षांचं रहस्य पहिल्या पंचवीस मिनिटांत, पोहे संपायच्या आत, उघडं पडलं. अनिकेत कालनिर्णयामागे इतका खाली गेला की नुसतं टक्कल दिसत होतं. त्याचं नशीब एवढंच की चंदू काय बोलला ते आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं. आमचं लक्ष गाढवाकडे होतं.

गाढवाचं असं झालं. वाटेत शेवटचं खेडं लागतं, तिथे सामान घ्यायचं आणि निघायचं, एवढंच अनिकेतच्या वहीत होतं. अर्धी ओळ. पण मंजिरीला गाढव घ्यावंसं वाटलं. गाढव म्हटल्यावर विकणारा आला, विकणारा आल्यावर त्याचं नाव विचारलं गेलं. अनिकेतने इकडेतिकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर येत होत्या. "झारोबा," तो म्हणाला. मग त्याला थोडा बोबडा आवाज दिला. हा झारोबा गाढवाची किंमत सांगताना स्वतःच कमी करायचा आणि मग रडायचा. आम्ही दोन रविवार त्याच्याशी घासाघीस केली. तिसऱ्या रविवारी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. चौथ्या रविवारी ते मोडत होतं, ते आम्ही जुळवलं. सोहमने मांडव पेटवला, पण तो अपघात होता.

या काळात अनिकेत खचला होता. एकदा जिन्यात मला म्हणाला, "अरे, माझ्याकडे तिथे एकशे चाळीस खोल्या लिहून तयार आहेत. आणि तुम्ही रुखवत मांडताय." तरी त्या आठवड्यात त्याने झारोबाची नऊ पानी वंशावळ लिहिली, मूळ पुरुषापासून, गोत्रासकट. पुढच्या रविवारी कोणाला तरी झारोबाविषयी विचारायला लावावं म्हणून त्याने तीन वेळा विषय काढला. आम्ही गाव सोडून निघालो. रेल्वेचा तिटकारा असलेल्या माणसाने मोकळं रान दिलं की असं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं असतं. फक्त ते त्याच्या एकशे चाळीस खोल्यांत व्हावं एवढीच बापड्याची इच्छा.

एका शनिवारी मी नकाशा द्यायला गेलो होतो. टेबलावर तिन्ही बटर पेपर पसरलेले. काकू चष्मा लावून वाकून बघत होत्या.

"हे कुठलं गाव?"

"कुठलं नाही, आई. मनातलं."

"ओस का पडलं?"

"पाणी गेलं."

"पाणी गेलं म्हणून?" काकू हसल्या. "आमचं तर पाणी आलं म्हणून सोडलं."

काकूंचं माहेर भीमाकाठी, पळसदेवच्या बाजूला. उजनी धरण भरायला लागलं आणि गाव आत गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ कडक उन्हाळ्यात, धरण उतरलं की अजून वर येतं. लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. काकू गेलेल्या नाहीत. त्यांनी कागदावर बोट फिरवलं. वेशीपासून आत, पेठेतून, देवळाला वळसा घालून एका कोपऱ्यावर थांबलं. "इथे आड पाहिजे. बायका एवढ्या लांब तलावावर जातील होय रोजच्या रोज? आणि आडाशेजारी झाड. कळशी टेकवायला कट्टा." अनिकेतने पेन्सिल घेतली आणि तिन्ही कागदांवर, एकाच जागी, आड काढला. पहिल्यावर नवा, दुसऱ्यावर कट्ट्यासकट, तिसऱ्यावर बुजलेला. हंपी, देवगिरी आणि अमेरिकेतली सगळी पुस्तकं पालथी घातलेल्या माणसाच्या शहरात तोवर एकही आड नव्हता.

चौदा महिन्यांनी आम्ही तमाशापट्टणच्या वेशीशी पोचलो. एव्हाना मंजिरीच्या गाढवाला दोन पिल्लं झाली होती. अनिकेतने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिंपळ फुटलेली कमान, तुटकी फरशी, कोसळलेल्या सज्जांतून येणारं संध्याकाळचं ऊन. तो सांगत होता आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. चंदूनेही मोबाइल उलटा ठेवला. तटावरून मेलेला म्होरक्या घसा खाकरून म्हणाला, "कोण आहे? काम काय?"

आमच्यात थोडी कुजबुज झाली. खजिना होता, तळघर होतं, एकशे चाळीस खोल्या होत्या.

"राहायला आलोय," मंजिरी म्हणाली.

"म्हणजे?" हे म्होरक्याच्या आवाजात नव्हतं, अनिकेतच्या होतं.

"इथेच राहू की. छान आहे गाव. हे चौघं शिपाई आहेतच पहाऱ्याला. झारोबाच्या पोरीला आणि जावयाला बोलावून घेऊ, ते भाड्याच्या घरात आहेत. सोहम स्वयंपाकाचं बघेल, त्याला जाळ येतो."

"पण पाणी नाही ना इथे," चंदू म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. बांध दुरुस्त करावा लागेल. खर्च काढतो मी."

कालनिर्णयामागे बराच वेळ काही हललं नाही. मग कालनिर्णय आडवं झालं. अनिकेतने तिन्ही बटर पेपर आमच्यासमोर उलगडले, गुप्त दरवाजे, सापळे आणि सगळ्यासकट, आणि त्यांच्यावर चौथा, कोरा, पसरला. चारी कोपऱ्यांवर पोह्यांच्या बशा ठेवल्या. कानामागची पेन्सिल काढली.

"साइड मार्जिन किती सोडणार?" त्याने विचारलं.

"मार्जिनचं नंतर बघा," आतून काकूंचा आवाज आला. "आधी तो आड उपसून घ्या."